फुकटच्या प्रतीची किंमत

उज्जयिनी ही जशी महाकालाची आणि कालिदासाची नगरी, तशीच ती पोथ्यांचीही नगरी आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या काळात, १९३१ साली, येथे प्राच्यविद्येच्या संशोधनाची जी संस्था उभी राहिली आणि जी सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान या नावाने ओळखली जाते, तिच्या संग्रहात हजारो हस्तलिखिते आहेत. असल्या संग्रहांतील बहुतेक पोथ्या मूळ ग्रंथकाराच्या हातच्या नसतात. त्या नकला असतात. कोणा अनाम लेखनिकाने मांडी घालून, बोरू शाईत बुडवून, महिनोन्महिने खपून त्या उतरवलेल्या असतात. जैन परंपरेत तर ग्रंथाची प्रत करवून ती मुनींना वा भांडाराला अर्पण करणे हे शास्त्रदान मानले गेले. लेखनिक पोथीच्या शेवटी नम्रपणे नोंद करी की, जसे समोर दिसले तसे आपण लिहिले आहे, चूक आढळल्यास आपणांस दोष देऊ नये. अशा माणसाला चोर म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आज आपल्या घरोघरी मोबाइल आहे. कोणीतरी नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या मराठी कादंबरीची पीडीएफ नातेवाइकांच्या गटावर पाठवतो, दुसरा ती पुढे ढकलतो आणि दिवसभरात ती शेकडो हातांत पोहोचते. चित्रपटांचे तेच, गाण्यांचे तेच, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांचे तेच. या प्रतींना मात्र आपण चोरट्या प्रती म्हणतो. विद्यार्थिमित्रांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहील की, त्या लेखनिकाची नक्कल पुण्यकर्म आणि आमची नक्कल अपराध, हा न्याय कोणता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ ‘कायदा तसा आहे’ एवढे देऊन भागणार नाही. म्हणून या लेखात आम्ही त्याचा थोडा मुळापासून विचार करणार आहोत.

पहिला भेद निर्वाहाचा आहे. पोथ्यांच्या काळी ग्रंथकाराची उपजीविका प्रतींच्या विक्रीवर चालत नसे. राजाश्रय, देवस्थान, मठ अथवा दात्यांची दक्षिणा यांवर ती चाले. शंभर नकला निघाल्या तरी त्याच्या ताटातील घास कमी होत नसे. उलट ग्रंथ जितका पसरे तितकी त्याची कीर्ती वाढे आणि आश्रयही दृढ होई. दुसरा भेद श्रमाचा. एक प्रत करावयाची म्हणजे मूळ ग्रंथ लिहिण्याइतकाच हाताला घाम येई. तिसरा भेद रक्षणाचा. वाळवी, ओल आणि आग यांपासून ग्रंथ वाचवण्याचा नक्कल हाच एक मार्ग होता.

मुद्रणकलेने ही सारी मांडणी बदलली. प्रती झटपट निघू लागल्या, पुस्तक ही बाजारात विकली जाणारी वस्तू झाली आणि राजाच्या जागी वाचक हा ग्रंथकाराचा आश्रयदाता झाला. आज मराठी लेखकाला आश्रय देणारा राजा कोण, असे कोणी विचारले, तर दुकानात जाऊन पैसे मोजणारा वाचक हेच त्याचे खरे उत्तर आहे. या नव्या आश्रयाला कायद्याची चौकट मिळाली. इंग्लंडात १७१० साली ग्रंथकाराचा हक्क मान्य करणारा कायदा अमलात आला. आपल्या देशात १८४७ व १९१४ साली तसे कायदे झाले आणि स्वतंत्र भारताचा कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा, कायदा १९५७ साली संमत होऊन २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. तोच कायदा वेळोवेळी दुरुस्त होऊन आजही चालू आहे.

संगणकाने याच्याही पुढची पायरी गाठली. छापील पुस्तकाची बनावट आवृत्ती काढणाऱ्याला निदान कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च करावा लागे. अंकीय प्रतीला तोही लागत नाही. ती मुळाबरहुकूम असते, हजारावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ असते आणि क्षणार्धात उज्जयिनीहून अमेरिकेस पोहोचते. नक्कल करण्याचे श्रम शून्यावर आले. परंतु मूळ कृती निर्माण करण्याचे श्रम होते तेवढेच राहिले. सगळी अडचण या विषमतेत आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. कोणी आपली सायकल चोरली तर सायकल आपल्यापाशी राहत नाही. पुस्तकाची पीडीएफ घेतली तर पुस्तक लेखकापाशी जसेच्या तसे राहते. मग चोरी कशाची झाली? भैरवगडच्या आमच्या छपाईकारांकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. ग्राहक एखादी चादर विकत घेतो, तेव्हा तो कापडाचे आणि रंगाचे पैसे देतोच. पण ती नक्षी मनात जुळवण्यात आणि हात बसण्यात गेलेल्या वर्षांचेही पैसे देतो. कापड पावणे दोन हात आहे की दोन हात, हे मोजता येते. ती वर्षे मोजता येत नाहीत, एवढेच. पुस्तकात तर कागद हा सर्वांत स्वस्त भाग असतो. चोरटी प्रत घेणारा कागद घेत नाही, हे खरे. तो लेखकाच्या श्रमांचा मोबदला आणि आपली कृती कोणाला, कशी, किती किमतीस द्यावयाची हे ठरवण्याचा त्याचा अधिकार घेतो. या दोन गोष्टी हिरावल्या जातात, म्हणून ते कृत्य अन्यायाचे ठरते.

परंतु हा अधिकार अमर्याद असावा असेही नाही. ज्ञान हे अखेर समाजाचे धन आहे आणि आपल्या कायद्याने त्याचीही दखल घेतलेली आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे एवढाच काळ हा हक्क टिकतो. मूळ मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत आल्यामुळे तिच्यात वाढ करण्यात आली. मुदत संपताच ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणाही प्रकाशकाला छापता येते, कोणाही विद्यार्थ्याला उतरवून घेता येते आणि कोणाही शिक्षकाला पीडीएफ करून वाटता येते. त्यात कसलेही पाप नाही.

आमच्या गावाशी निगडित असलेले एक उदाहरण तर या नियमाचा वस्तुपाठच आहे. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे एका मराठी घरातील दोघे भाऊ. थोरल्या बंधूंनी हिंदीत लिहिले, धाकट्यांनी मराठीत. गजानन माधव उज्जयिनीत शिकले आणि काही काळ त्यांनी येथे शिकवलेही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी मुक्त झाले आहे. (मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र छपाईच्या पुढील वर्षापासून मोजावयाची असतात.) शरच्चंद्रांना १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या नदीचे नाव धारण करणारी त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. परंतु त्यांच्या निधनाला अजून ६० वर्षे झालेली नाहीत. म्हणून तिच्यावरील हक्क आजही जिवंत आहे. एकाच घरातील दोन भाऊ. एकाचे बरेचसे लेखन आज आपण मोकळ्या मनाने वाटू शकतो, दुसऱ्याचे वाटण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. यात थोरल्याचा मान कमी नाही की धाकट्याचा अधिक नाही. काळाने घातलेली ही मर्यादा आहे.

येथे मन थोडे थबकते. गजानन माधवांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह १९६४ साली त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. एवढ्या मोठ्या कवीला आपला संग्रह हाती धरण्याचे भाग्यही लाभले नाही. जिवंतपणी लेखकाला काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच वाचकांनी हलका समजू नये.

मुदत संपलेली नसतानाही विद्यार्थ्यांना कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी वा संशोधनासाठी योग्य तेवढा उतारा उतरवून घेणे, शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात आवश्यक भागाच्या प्रती काढणे, दृष्टिहीन अथवा अन्य अपंग बांधवांना वाचता येईल अशा स्वरूपात ग्रंथ तयार करून देणे, या गोष्टी अपराध ठरत नाहीत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, अध्यापनाच्या गरजेपुरत्या अशा प्रती काढण्यास कायद्याची मुभा आहे, असा निर्वाळा दिला. विकत घेतलेले पुस्तक मित्राला वाचावयास देणे वा ग्रंथालयातून आणणे यात तर काहीच गैर नाही. कारण तेथे एकच प्रत हातोहात फिरते, नवी प्रत जन्मास येत नाही. त्याउलट दिल्लीच्या एका शिक्षिकेने, आपली पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामवर परस्पर वाटली जातात अशी फिर्याद केली, तेव्हा २०२२ साली त्याच न्यायालयाने ती वाटणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश त्या कंपनीस दिला. एकाच न्यायालयाचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कायद्याचा हेतू ध्यानी येतो. अभ्यासाला वाट मोकळी असावी आणि श्रमाची लूट होऊ नये, असा तो दुहेरी हेतू आहे. हक्काचा जाणूनबुजून भंग करणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे; धंद्यासाठी तसे केलेले नसल्यास न्यायालय ती सौम्य करू शकते.

आता बाजाराचा विचार करू. त्यासाठी अंकगणिताचे एक उदाहरण मांडतो. आकडे कल्पित आहेत. परंतु हिशेबाची रीत खरी आहे. समजा, एका प्रकाशकाने ३०० रुपये किमतीच्या कादंबरीच्या १,००० प्रती काढल्या. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ इत्यादींस ६०,००० रुपये लागले आणि कागद, छपाई व बांधणी यांस दर प्रतीमागे ८० रुपये, म्हणजे ८०,००० रुपये. एकूण गुंतवणूक १,४०,००० रुपयांची झाली. प्रत्येक प्रतीच्या किमतीतून वितरक व दुकानदार यांची ४० टक्के सूट, म्हणजे १२० रुपये वजा केले आणि लेखकाचे १० टक्के मानधन, म्हणजे ३० रुपये वजा केले, म्हणजे प्रकाशकाच्या हाती १५० रुपये उरतात. गुंतवणूक भरून निघण्यास त्याला ९३४ प्रती विकाव्या लागतील. सर्व १,००० प्रती खपल्या, तर त्याला १०,००० रुपये नफा होईल. ९०० खपल्या, तर ५,००० रुपये तोटा.

मुलांनो, हा हिशेब नीट ध्यानात ठेवावा. हजारांतील शेवटच्या ६६ प्रतींवर त्या माणसाचा सारा नफा अवलंबून आहे. चोरट्या प्रतींचे समर्थक म्हणतात की, पीडीएफ घेणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेणारच होता असे नाही. त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. समजा, १,००० लोकांनी ती पीडीएफ उतरवून घेतली आणि त्यांतील ९०० जण कधीच पैसे खर्चणार नव्हते. तरीही उरलेले १०० जण नफ्याचा तोटा करण्यास पुरेसे आहेत. आणि तोटा झालेला प्रकाशक काय करतो? गेलेल्या पुस्तकाबद्दल तो काही करू शकत नाही. पुढल्या वेळी नवख्या कवीचे हस्तलिखित समोर आले की, तो ते हात जोडून परत करतो. भाषांतराची योजना लांबणीवर टाकतो. गाजलेल्या दोन-चार नावांखेरीज कोणास हात लावत नाही. चोरट्या प्रतीने खरे नुकसान होते ते हातातल्या पुस्तकाचे नव्हे, तर अजून लिहिल्या न गेलेल्या पुस्तकाचे. ते नुकसान डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याची लाजही वाटत नाही.

‘सैराट’चे उदाहरण याविरुद्ध दिले जाते. २०१६ साली हा चित्रपट पडद्यावर चालू असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलांतून फिरत होत्या. तरीही त्याने मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचा विक्रम केला. मग बिघडले काय? बिघडले ते असे की, महापुरात वटवृक्ष तगतो, तेवढ्यावरून रोपेही तगतील असे होत नाही. ज्या चित्रपटास दोनच आठवडे पडदा मिळतो, त्याला पहिल्याच दिवशी फुटलेली प्रत पुरती बुडवू शकते. २०२३ साली चित्रपटविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे वा तशी प्रत दाखवणे यास ३ महिने ते ३ वर्षे कैद व किमान ३ लाख रुपये दंड ठरवण्यात आला, त्याचे कारण हेच होय.

आता आमच्या घरच्या अडचणीकडे वळतो. उज्जयिनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा निराळा पेच आहे. तेथे पेठेत उतरले की पुस्तक मिळते. येथे हवे ते मराठी पुस्तक मिळेलच असे नाही. मागवावयाचे तर किमतीवर टपालखर्च चढतो. मुलांस मराठीची गोडी लागावी अशी आईवडिलांची तळमळ असते आणि गटावर आलेली पीडीएफ हाच सोपा उपाय दिसतो. हा मोह लोभापोटी होत नाही, भाषेच्या प्रेमापोटी होतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्याचा परिणाम प्रेमाने समजावून घेणे अवश्य आहे.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक देशात सुमारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांपैकी सुमारे १२ लाख मध्यप्रदेशातील होते. १२ लाख ही लहान संख्या नव्हे. परंतु जनगणनेच्या वहीत मोजला गेलेला मराठी माणूस प्रकाशकाच्या वहीत मोजला जातोच असे नाही. प्रकाशक पाहतो तो विक्रीचा आकडा. माळव्यातून मागणी येत नसेल, तर माळव्यात वाचक नाहीत असेच तो समजणार. मग तो येथे पुस्तके पाठवणार नाही, प्रदर्शन भरवणार नाही, येथील लेखकाकडे वळणारही नाही. आपण रात्र-रात्र जागून दहा कादंबऱ्या चोरट्या प्रतींतून वाचल्या, तरी बाजाराच्या दृष्टीने आपण त्या वाचल्याच नाहीत. पुस्तके मिळत नाहीत म्हणून आपण चोरटी प्रत घेतो आणि आपण चोरटी प्रत घेतो म्हणून पुस्तके मिळेनाशी होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. तो अभिमान विकत घेतलेल्या एखाद्या पुस्तकातूनही दिसावयास हवा.

मग ज्याच्यापाशी पैसे नाहीत, त्याने वाचावयाचे नाही काय? अवश्य वाचावे. सरळ मार्गाने विनामूल्य मिळणारे वाङ्मय आज पूर्वी कधी नव्हते इतके उपलब्ध आहे. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तशीच मिळतात. विकिस्रोतावर मुदत संपलेले मराठी ग्रंथ आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानासारखी संस्था लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके मोफत पोहोचवते. जे पुस्तक छापील मिळत नाही, ते कधी कधी अधिकृत ई-पुस्तकाच्या रूपाने कमी किमतीत मिळते आणि त्याला टपालखर्च नसतो. ग्रंथालये तर आहेतच.

मोबाइलवर एखादी प्रत आली की, ती पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. या लेखकाचा हक्क अजून जिवंत आहे काय? असल्यास ही प्रत त्याच्या संमतीने फिरत आहे काय? नसल्यास हे पुस्तक सरळ मार्गाने मिळवण्याचा प्रयत्न आपण केला काय? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतील आणि कामाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

प्रत्येक वर्गाने वर्षारंभी आपणांस हव्या असलेल्या मराठी पुस्तकांची यादी करावी. चार-पाच कुटुंबांनी मिळून एकत्र मागणी पाठवावी, म्हणजे टपालखर्च विभागला जातो. जे पुस्तक छापणे बंद झाले असेल, त्याच्या प्रकाशकास पत्र लिहून नव्या आवृत्तीची वा ई-पुस्तकाची विनंती करावी; ‘क्षिप्रा’ हवी असेल तर तिच्यापासूनच आरंभ करावा. एका पत्राने कदाचित काही होणार नाही. परंतु एकाच गावाहून चाळीस पत्रे गेली, तर या गावात मराठी वाचक आहेत ही गोष्ट प्रकाशकाच्या वहीत नोंदली जाईल. पुढील वर्षीच्या अंकात अशा मागण्यांची आणि आलेल्या पुस्तकांची यादी वर्गवार छापता आली, तर आम्हांस मोठा संतोष वाटेल.